ताम्हिणी घाट आणि सैल झालेला टाय रॉड एंड

दिवाळीनंतर आई, बायको आणि मी पुण्याहून दिवेआगरला निघालो. गाडी नऊ वर्षांची, ९०,००० किलोमीटर चाललेली. स्टीअरिंग महिनाभर जरा ढिलं वाटत होतं. पावसाळ्यात उखडलेल्या रस्त्यांना दोष देऊन मी ते सोडून दिलं होतं.

पौडपर्यंत काही जाणवलं नाही. मुळशी धरणाच्या कडेनं जाताना मात्र प्रत्येक गतिरोधकावर डाव्या चाकाकडून ‘टक’ असा आवाज येऊ लागला. घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. स्टीअरिंग दोन बोटं फिरवलं तरी चाकं जागची हलत नव्हती. “अरे, गाडी अशी झुलतेय का?” मागून आईनं विचारलं. तिथंच थांबायला हवं होतं. ताम्हिणीत बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून मी तिसाच्या वेगानं निजामपूरमार्गे माणगाव गाठलं. तुम्ही असं करू नका. दोष पुढे टाय रॉड एंडमध्ये निघाला, म्हणजे स्टीअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या (टाय रॉडच्या) टोकाच्या सांध्यात. हा सांधा निसटला तर ते चाक स्टीअरिंगला अजिबात जुमानत नाही, आणि घाटात त्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. रुंद जागा बघून गाडी लावा आणि येणाऱ्या गाडीबरोबर माणगावला निरोप पाठवा.

माणगावात महामार्गालगतच्या गॅरेजात मिस्त्रींनी पुढचं चाक उचलून खाली स्टँड लावला. घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी चाक धरून हलवलं, तर कटकट वाजलं. बारा आणि सहाच्या जागी धरलं, तर काहीच नाही. “दादा, बेअरिंग, बॉल जॉइंट ठीक आहेत. तुमचा टाय रॉड गेलाय.” पण रॉडच्या चाकाकडच्या टोकाचा बाहेरचा एंड की स्टीअरिंगकडच्या टोकाचा आतला रॅक एंड? गाडी खाली घेऊन त्यांनी मला स्टीअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं आणि स्वतः सांध्यावर हात ठेवला. खेळ बाहेरच्या एंडमध्येच होता. सांध्यावरचा रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटला होता. पाणी-चिखल शिरून ग्रीस धुऊन गेलं होतं आणि आतला बॉल झिजला होता. टायरवर हात फिरवला तर आतल्या कडेला करवतीसारखे दाते लागले. ही खूण मी घरीच पाहू शकलो असतो, हे मनाला फार लागलं.

त्यांचं काम बघण्यासारखं होतं. एंड रॉडवर घट्ट धरणारा लॉकनट जरासाच सैल केला, रॉडवर खडूनं खूण केली. एंडची आटे असलेली पिन चाकामागच्या लोखंडी भागात, नकलमध्ये, गच्च बसली होती, पण हातोडा तिच्या आट्यांवर न मारता नकलच्या कानावर बाजूनं दोन घाव घातले आणि ती सुटली. जुना एंड काढताना फेरे मोजले, साडेसतरा. नवा तेवढेच फेरे फिरवून बसवला. नट आवळल्यावर स्प्लिट पिनचं (नट सैल होऊ नये म्हणून आरपार घालायच्या बारीक पिनचं) भोक जुळेना, तेव्हा नट मागे न घेता थोडा आणखी आवळला. स्प्लिट पिन नवीनच घातली. उजव्या एंडचा बूटही तडकलेला, म्हणून तोही बदलला. मजुरीसकट १,८५० रुपये आणि दीड तास.

म्हसळ्यामार्गे दिवेआगरला पोचलो तेव्हा गाडी हातात घट्ट होती, फक्त सरळ जाताना स्टीअरिंग किंचित उजवीकडे कललेलं. फेरे मोजले तरी नव्या एंडची लांबी तंतोतंत तेवढीच असेल असं नाही, त्यामुळे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करावीच लागते. ती मी पुण्यात परतल्या दिवशी केली. टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बिघडलेलाच निघाला.

कोकणात उतरणार असाल तर निघण्याच्या आठवडाभर आधी नऊ-तीनची आणि बारा-सहाची तपासणी करून घ्या. दहा मिनिटं लागतात. घरी करणार असाल तर जमीन सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकाला दगड, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका. सुटा भाग आपल्या मॉडेलचा आणि वर्षाचा आहे ना, तेही पाहा. बसवल्यावर काही दिवसांनी लॉकनट पुन्हा तपासा. माझा ५०० किलोमीटरनंतर पाहिला, जागेवर होता.