‘खाऊन टाकलं’पासून पीएचडीपर्यंत

पुण्यात संध्याकाळच्या वर्गात जपानी शिकत होते, तेव्हा ‘-ते मिरु’ हे रूप आम्हाला इंग्रजीतून समजावलं गेलं: ‘ट्राय डुइंग’. ‘-ते ओकु’ म्हणजे ‘डू इन अ‍ॅडव्हान्स’. आम्ही पाठ केलं. घरी येऊन वही उघडली आणि लक्षात आलं, की मिरु म्हणजे बघणे आणि ओकु म्हणजे ठेवणे. ताबेते मिरु, खाऊन बघणे. कात्ते ओकु, विकत घेऊन ठेवणे. शब्दाला शब्द! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. पुढची दहा वर्षं मी या एका गोष्टीमागे घालवली.

या वाटेने जाऊ बघणारे विद्यार्थी मला सारखे विचारतात, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

डिसेंबर २०११ मध्ये जेएलपीटीची, म्हणजे जपानी भाषेच्या क्षमता परीक्षेची, एन१ पास झाले. सगळ्यात वरची पातळी, घरी पेढे वाटले. पण ही परीक्षा पूर्णपणे पर्यायी उत्तरांची असते. तीत एक ओळ लिहावी लागत नाही की एक वाक्य बोलावं लागत नाही. त्याची किंमत पुढे मोजली.

२०१३ मध्ये जपानी शिक्षण मंत्रालयाच्या शिष्यवृत्तीसाठी, म्हणजे मेक्स्टसाठी, दूतावासामार्फत अर्ज केला. अर्ज, लेखी परीक्षा, मुलाखत हे टप्पे पार पडले. पण खरी कसोटी त्यानंतर असते. आपल्याला घ्यायला तयार असलेले प्राध्यापक आपणच शोधायचे आणि त्यांच्या विद्यापीठाकडून संमतिपत्र मिळवायचं. मी तिघांना लिहिलं. दोघांचं उत्तर आलं नाही. तिसऱ्या सेन्सेईंनी माझ्या तीन पानी आराखड्यावर एकच प्रश्न पाठवला: ‘-ते मिरु सहसा आपल्या इच्छेने करायच्या क्रियांना लागतं. मराठीत इच्छेबाहेरच्या गोष्टींना ‘बघणे’ लागतं का?’

दोन दिवस डोकं चाललं नाही. तिसऱ्या दिवशी आईशी कशावरून तरी वाद झाला आणि ती म्हणाली, “आई होऊन बघ, मग कळेल!” मी वाद सोडून वही घ्यायला धावले. जपानीत अगदी हेच म्हणतात: ओया नि नात्ते मिते हाजिमेते वाकारु. स्वतः आईबाप होऊन बघितल्यावरच कळतं. ते वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवलं आणि आठवड्याभरात होकार आला. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना सांगते, प्राध्यापकांना लिहिताना ‘मला जपानी संस्कृतीची ओढ आहे’ यावर परिच्छेद खर्च करू नका. आपल्या भाषेतली वाक्यं द्या. ती त्यांच्याकडे नसतात.

एप्रिल २०१४ ला ‘केन्क्यूसेइ’ म्हणून पोचले. याचा अर्थ संशोधक विद्यार्थी, पण अजून पदवीला प्रवेश नाही. एमएची प्रवेश परीक्षा वेगळी द्यावी लागते, आणि ती हाताने लिहायची. संगणकावर कांजी, म्हणजे जपानीतली चिनी वळणाची अक्षरं, झरझर उमटवणारी मी कोऱ्या कागदापुढे अडायला लागले. वाचता येणारी अक्षरं हातातून उतरेनात. रोज पहाटे एक पान हाताने लिहायचं ठरवलं. अक्षर आजही चांगलं नाही, पण परीक्षा निभावली.

एमएची दोन वर्षं झेमीत गेली. झेमी म्हणजे सेन्सेईंचा छोटा वर्ग, जिथे प्रत्येकाने आपलं ‘रेज्युमे’ वाटून मांडणी करायची. तिथे नोकरीच्या बायोडेटाला नव्हे, तर वाटायच्या टिपणाला रेज्युमे म्हणतात. माझं एखादं वाक्य खटकलं की सेन्सेई बाकीच्यांकडे वळून विचारायचे, “कोनो बुन, इएमासु का?” हे वाक्य म्हणता येतं का? सगळे मनात पुटपुटून बघत. त्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेत मी जेवढं शिकले तेवढं कुठल्या पुस्तकातून शिकले नाही.

चूक कशी होते, तेही तिथेच उमगलं. एकदा सेन्सेईंच्या हातात जड पिशवी बघून मी म्हणाले, “मोत्ते आगेमाश्यो का?” माझ्या मनात साधं ‘उचलून देऊ का?’ होतं. मराठीत ते अदबीचं. जपानीत मात्र मोठ्यांना असं म्हटलं की उपकार केल्यासारखं वाटतं. तिथे “ओमोचि शिमासु” म्हणायचं. सेन्सेई हसून पिशवी देऊन गेले, पण मला कळलं, की मराठी जितकी साथ देते तितकीच फसवतेही. पीएचडीचा विषय तिथे सापडला.

मराठी आणि जपानी क्रियापदांच्या तुलनेचा पाया निन्जल या तिथल्या राष्ट्रीय भाषासंस्थेतले प्रा. प्रशांत परदेशी यांच्यासारख्या अभ्यासकांनी आधीच घातला होता. मला शिकणाऱ्यांच्या चुका हव्या होत्या. त्याच संस्थेचा आय-जास हा मोठा संग्रह आहे. बारा मातृभाषांच्या विद्यार्थ्यांची जपानी त्यात आहे, पण एकही भारतीय भाषा नाही. मग सुट्टीत पुण्याला येऊन जपानी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांची ध्वनिमुद्रणं मीच केली. त्या संग्रहात चित्रं दाखवून गोष्ट सांगायला लावतात, तशीच चित्रं घेतली. एका गोष्टीत सहलीचे सँडविच कुत्रा फस्त करतो, दुसरीत माणूस किल्ली विसरून घराबाहेर अडकतो.

कुत्र्याच्या चित्राला माझे विद्यार्थी बिनचूक ‘ताबेते शिमाइमाशिता’ म्हणाले. खाऊन टाकलं. किल्लीच्या चित्राला मात्र बहुतेक जण नुसतं ‘वासुरेमाशिता’, म्हणजे विसरलो, म्हणून थांबले. जपानी माणूस इथेही ‘वासुरेते शिमाइमाशिता’ म्हणेल. कारण उघड होतं. मराठीत ‘विसरून टाकणे’ म्हणजे मुद्दाम विसरणे. विसरून टाक ते सगळं, असं आपण समजूत घालताना म्हणतो. नकळत झालेल्या, चुटपुट लावणाऱ्या गोष्टीला आपल्याकडे ‘बसणे’ आहे: विसरून बसलो, बोलून बसलो, हरवून बसलो. म्हणजे शिमाउ (‘शिमाइमाशिता’चं मूळ रूप) शिकवताना एका ‘टाकणे’ने भागत नाही, शेजारी ‘बसणे’ लागतं. हे हाती आलं त्या रात्री मी झोपले नाही.

यावरचा पहिला लेख एका नियतकालिकाने परत पाठवला. शेरा होता: हिंदी असताना मराठी कशाला? मला तो फार लागला. उत्तर मात्र मराठीतच होतं. हिंदीत ‘खाकर आया’ आणि ‘खा डाला’ ही रूपं वेगळी. मराठीत ‘खाऊन आलो’ आणि ‘खाऊन टाकलं’ दोन्हीकडे तोच ‘-ऊन’, जसा जपानीत दोन्हीकडे तोच ‘-ते’. ही दोन वाक्यं प्रस्तावनेत घातली आणि लेख दुसरीकडे छापून आला. पीएचडी तीन वर्षांची असते, मला चार लागली. २०२१ मध्ये पदवी मिळाली.

परतल्यावरचं थोडक्यात सांगते. कायमची जागा हवी तर सहसा नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा लागते, आणि ती जपानी विषयातही देता येते. तरी जागा फार थोड्या. पहिली दोन वर्षं तासिका तत्त्वावर काढली. सोबतच्या मैत्रिणी आयटी कंपन्यांत दुभाषी म्हणून माझ्या कितीतरी पट कमावत होत्या. घरचा आधार नसता तर टिकले नसते. या वाटेवर येणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा.

आता शिमाउचा धडा आला की मी फळ्यावर दोन रकाने आखते, एक टाकणे, एक बसणे. गेल्या महिन्यात साताऱ्याहून येणाऱ्या एका मुलीने हात वर केला. “सेन्सेई, आमची आजी ‘रडून घेतलं’ म्हणते. त्या ‘घेणे’ला जपानीत काय?” मी खडू खाली ठेवला. तिचं वाक्य वहीत लिहून घेतलंय. उत्तर अजून शोधतेय.