मॉडेलचं नाव नको, पूर्ण नंबर सांगा

नवा लॅपटॉप येऊन दीड महिना झाला. चांगला चाललाय, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण ‘पर्यंत’ हा शब्द दिसला की अजून तिडीक जाते. ‘मेमरी ४० जीबीपर्यंत’, ‘उजेड ४०० निट्सपर्यंत’, ‘बॅटरी १४ तासांपर्यंत’. अहो, शून्यसुद्धा चौदापर्यंतच येतं की!

माझा जुना लॅपटॉप म्हणजे थिंकपॅड एक्स-२२०, २०११ सालचा. साडेबारा इंची पडदा, सात ओळींचा कीबोर्ड, दुप्पट उंचीचं डिलीटचं बटण, मधोमध माउसचं काम करणारा तो लाल ठिपका आणि झाकणाच्या वरच्या कडेला कीबोर्डवर उजेड पाडणारा इवलासा दिवा. त्या दिव्याच्या उजेडात मी किती पुस्तकांची मुद्रितं तपासली असतील याची गणतीच नाही. बॅटरी तीनदा बदलली, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, ४ जीबी रॅमची १६ केली (कागदोपत्री मर्यादा ८ची होती, पण १६ मुकाट्यानं चालली). हे सगळं मी घरी, एका स्क्रू ड्रायव्हरनं केलं. त्यामुळे लॅपटॉप म्हणजे जो उघडता येतो तो, अशी माझी समजूत पक्की झाली होती. ती नव्या बाजारात पाऊल टाकल्यावर दोन दिवसांत गळून पडली.

बदलायचं कारण साधं. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. माझा दुसऱ्या पिढीतला. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकून पाहिली, तर म्हातारा पुन्हा तरतरीत झाला. पण मी पुस्तकांची मांडणी आणि मुखपृष्ठं करते, आणि त्यासाठी लागणारा इनडिझाइन हा प्रोग्रॅम लिनक्सवर येत नाही. शिवाय हल्लीचे बरेचसे व्हिडिओ ज्या पद्धतीनं दाबलेले असतात, ती उलगडायची सोय त्या जुन्या चिपमध्ये नाही. सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा पिठाच्या गिरणीसारखा घुमतो. मीटिंगमध्ये लोक विचारायचे, तुमच्याकडे काही काम चाललंय का?

भाच्यानं पहिल्याच दिवशी फतवा काढला, “मावशी, ग्राफिक्स कार्ड हवंच.” नको होतं. पानं लावायला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. वजन, उष्णता आणि चार्जरची वीट तेवढी वाढते. प्रोसेसरची निवड तासाभरात झाली. त्यात एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले आकडे नीट वाचा. पहिला आकडा फक्त मॉडेलचं वर्ष सांगतो. आतली रचना कोणती हे तिसरा आकडा सांगतो. म्हणजे ७५२०यू आणि ७५४०यू दुकानात शेजारी शेजारी, दोघंही ‘रायझन ५’, पण पहिल्यात २०१९ साली आलेली झेन २ रचना आणि दुसऱ्यात झेन ४. नाव एक, माल निराळा. तेव्हा मला हे गमतीचं वाटलं होतं. हीच गंमत पुढे माझ्या तीन आठवड्यांचा घास घेणार आहे हे तेव्हा कळलं नाही.

माझ्या अटी चारच होत्या. चौदा इंची पडदा, तोही १६:१० आकाराचा, म्हणजे पान उभं जरा जास्त दिसेल. रंग एसआरजीबीचे (संगणकाच्या पडद्यांसाठीचं रंगांचं नेहमीचं प्रमाण) पूर्ण. रॅमसाठी निदान एक मोकळा स्लॉट. आणि एंटरच्या वरचं बटण अखंड. या शेवटच्या अटीवर दुकानातला मुलगा हसला. पण मी मराठी टाइप करते त्या इनस्क्रिप्ट कीबोर्ड-मांडणीत ‘ॉ’ तिथेच असतो. काही कीबोर्डवर ते बटण चिमुकलं करून कोपऱ्यात कोंबलेलं असतं. ‘डॉक्टर’, ‘कॉलेज’, खुद्द ‘लॅपटॉप’ हा शब्द टाइप करताना दर वेळी बोट एंटरवर पडणार असेल तर काय करायचं?

एक मॉडेल मनात भरलं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण बाकीच्याही फार वेगळ्या नाहीत. दुकानात त्याचा नमुना मांडलेला होता. मी पेन ड्राइव्हवर माझ्या एका मुखपृष्ठाची फाइल आणि पिशवीत त्याची छापील प्रत घेऊन गेले होते. हे मुखपृष्ठ गडद लाल आहे आणि लालात लबाडी लगेच कळते. पडद्यावरचा लाल आणि कागदावरचा लाल चांगले जुळले. मी खूश. पैसे काढणारच होते, पण घरी येऊन एकदा परीक्षणं वाचली. एकात लिहिलेलं, रंग अप्रतिम, एसआरजीबी जवळजवळ शंभर टक्के. दुसऱ्यात, त्याच नावाच्या त्याच मॉडेलबद्दल, पडदा फिका, धुतल्यासारखा, साठ टक्क्यांच्या आसपास. मला वाटलं, दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय.

दोघंही खरं बोलत होते. एकाच नावाखाली तीन-चार वेगवेगळे पडदे विकले जातात. जाहिरातीच्या पानावर सगळ्यांना मिळून एकच ओळ: ‘१४ इंच, आयपीएस, ४०० निट्सपर्यंत’. दुकानात नमुना म्हणून चांगल्या पडद्याचा लॅपटॉप मांडला होता. खोक्यात कोणता होता ते कुणालाच माहीत नव्हतं.

मग मी कंपनीच्या ग्राहक सेवेला चॅटवर विचारलं. हा संवाद मी जपून ठेवलाय.

“ह्या मॉडेलचा पडदा एसआरजीबीच्या किती टक्के आहे?”

“मॅडम, यात फुल एचडी प्लस डिस्प्ले आहे.”

“ते कळलं. रंगांची व्याप्ती किती?”

“मॅडम, रंग अतिशय व्हायब्रंट आहेत. आपल्याला अजून काही मदत हवी आहे का?”

अजून? आधीची मदत कुठे मिळाली होती?

दोन दिवसांनी दुसऱ्या माणसाला विचारलं. त्यानं अर्धा तास थांबवून सांगितलं, ४५ टक्के एनटीएससी. तिसऱ्यानं सांगितलं, १०० टक्के एसआरजीबी. चौथा म्हणाला, “मॅडम, दोन्ही असू शकतं.” खरं बोलणारा तो एकटाच, आणि मी सर्वांत जास्त चिडले ती त्याच्यावरच. नंतर वाईट वाटलं.

या ४५ टक्क्यांबद्दल जरा सांगते, कारण हा आकडा मुद्दाम कळू नये म्हणून ठेवलाय की काय असं वाटतं. एनटीएससी हे अमेरिकेत रंगीत टीव्हीसाठी १९५३ साली ठरलेलं प्रमाण. स्वस्त पडद्यांची मोजणी आजही त्याच फुटपट्टीनं सांगतात. आपण रोज वापरतो ती एसआरजीबीची व्याप्ती एनटीएससीच्या सुमारे ७२ टक्के भरते. म्हणजे ‘७२ टक्के एनटीएससी’ लिहिलं असेल तर पडदा उत्तम, आणि ‘४५ टक्के’ असेल तर एसआरजीबीचे साधारण बासष्ट-त्रेसष्ट टक्केच. अशा पडद्यावर माझा लाल विटकरी दिसतो. पत्रं लिहिणाऱ्याला, हिशेब ठेवणाऱ्याला काही फरक पडणार नाही. मला पडतो. छापखान्यातून आलेलं मुखपृष्ठ पाहून लेखक म्हणाला की हा लाल मी पाहिलेला लाल नाही, तर मी काय उत्तर देणार?

रॅमचीही तीच गत. ‘४० जीबीपर्यंत’ हा विचित्र आकडा येतो कुठून? ८ जीबी मदरबोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे काढता-बदलता न येणारी, आणि एका स्लॉटमध्ये ३२. पण माझ्यासमोरच्या १६ जीबीच्या लॅपटॉपमध्ये ती ८ अधिक ८ होती की सोळाच्या सोळा सोल्डर? एक म्हणाला स्लॉट आहे, एक म्हणाला नाही, एकानं सांगितलं की रॅम वाढवल्यास वॉरंटीचं पाहावं लागेल. मी विचारलं काय आणि तो बोलतोय काय! शेवटी कंपनीच्या संकेतस्थळावरून दुरुस्तीची पुस्तिका उतरवली. ही युक्ती लक्षात ठेवा. दुरुस्ती करणाऱ्यांसाठीची ती पुस्तिका बऱ्याच कंपन्या खुली ठेवतात आणि तिच्यात जाहिरातीचा एक शब्द नसतो. ‘मेमरी मॉड्यूल काढणे’ हे प्रकरण असेल तर स्लॉट आहे, नसेल तर नाही. माझ्या नशिबी प्रकरण होतं, आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘काही मॉडेल्ससाठी’.

काही म्हणजे कोणती? त्याचं उत्तर मॉडेलच्या नावात नसतं, लांबलचक पार्ट नंबरात असतं. नावापुढे अक्षरं आणि आकडे मिळून जी शेपटी असते तीच. प्रत्येक शेपटीला ठरलेला पडदा, ठरलेली रॅम, ठरलेली बॅटरी. ती नेमकी जाहिरातीच्या पानावरून गायब असते.

दुकानदाराला फोन केला. म्हणाला, खोकं सीलबंद आहे, उघडता येणार नाही. म्हटलं, उघडू नका, बाहेरचा स्टिकर वाचा. त्यानं वाचून दाखवला तो सीरियल नंबर. म्हटलं हा नाही, दुसरा. मग त्यानं फोटो पाठवला, त्यात अर्धा स्टिकर आणि अर्धा त्याचा अंगठा. दुसरा फोटो हललेला. तिसऱ्या दिवशी स्वच्छ फोटो आला. तो नंबर कंपनीच्याच तपशिलांच्या पानावर टाकला आणि दहा सेकंदांत सगळं समोर: पडदा ४५ टक्के एनटीएससी, ३०० निट्स, रॅम १६, सगळी सोल्डर, स्लॉट नाही.

तीन आठवडे! ज्या पानावर हे लिहिलेलं होतं ते पान चौघांपैकी एकालाही उघडता येऊ नये? मी लॅपटॉप नाकारला आणि त्या रात्री शांत झोपले. वर दोन दिवसांनी कंपनीची मेल आली: आमच्या सेवेला १पासून ५पर्यंत गुण द्या.

दुसरा लॅपटॉप वीस मिनिटांत ठरला. फोनवर पहिलंच वाक्य, “मॉडेलचं नाव नको, खोक्यावरचा पूर्ण पार्ट नंबर सांगा.” तो तपासला, पडदा १०० टक्के एसआरजीबी आणि ४०० निट्स, ८ सोल्डर अधिक ८ स्लॉटमध्ये. घेतला. फायली हलवणं वगैरे एका संध्याकाळी उरकलं. जुनी एसएसडी काढून यूएसबीच्या खोळीत घातली की तिची बाहेरची डिस्क होते, वेगळं काही करावं लागत नाही.

लिहिताना आठवतंय तसं सांगते. तपशिलात रॅमचा प्रकार एलपीडीडीआर लिहिला असेल तर रॅम सोल्डर केलेलीच धरून चाला. त्यात जेवढी घ्याल तेवढ्यावरच लॅपटॉपचं उरलेलं आयुष्य काढायचं आहे, तेव्हा १६च्या खाली जाऊ नका. यूएसबी-सीचं प्रत्येक छिद्र सारखं नसतं. चार्जिंग आणि बाहेरचा मॉनिटर त्यातून चालतो का, हे निरनिराळे प्रश्न म्हणून विचारा. दुकानात पडद्याचा उजेड शंभरावर असतो, तो निम्म्यावर आणून बघा. आणि वापरलेला घेणार असाल (मीही आधी त्याच विचारात होते, थिंकपॅड टी-४८० खूप डोळ्यांत भरला होता, २०१८चा, रॅमचे दोन स्लॉट, बाहेरून निघणारी बॅटरी), तर विंडोज स्वतःच बॅटरीचा अहवाल काढून देतं तो मागा. मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्जला भरणारी क्षमता असे दोन आकडे त्यात असतात. दुसरा पहिल्याच्या साठ टक्क्यांवर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे आधीच धरा.

हो, आणि झाकण मिटून लगेच पिशवीत टाकू नका. नवे बरेच लॅपटॉप झोपल्यासारखे दिसतात पण फोनसारखे अर्धवट जागे असतात. पहिल्याच आठवड्यात माझा पिशवीतून निघाला तेव्हा चांगला कोमट होता आणि बॅटरी निम्मी. आता झाकण मिटलं की हायबरनेट, म्हणजे काम जपून पूर्ण बंद, असं सेटिंग करून टाकलंय.

पार्ट नंबर तोच असला तरी पडदा बनवणारी कंपनी खोक्यागणिक बदलू शकते, हे मला विकत घेतल्यावर कळलं. एचडब्ल्यूइन्फो नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये पडद्याचा सांकेतिक क्रमांक दिसतो. माझा बरा निघाला. घरी आल्या आल्या लाल मुखपृष्ठ उघडलं आणि छापील प्रत शेजारी धरली. जुळलं. भाचा म्हणाला, मावशी, आता पुरे.

एक्स-२२० टेबलाच्या डाव्या बाजूला आहे. लिनक्सवर चालतो, इंटरनेट बंद. लांबलचक मजकूर टाइप करायचा असेल तर मी अजून त्याच्याकडेच वळते. नव्याचा कीबोर्ड वाईट नाही, ‘ॉ’चं बटणही अखंड आहे, पण त्याला दिवा नाही. बटणांच्या खालून येणारा पांढरा उजेड असतो, तो मला डोळ्यात जातो.