दहा ग्रॅमसाठी दोन महिने

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी तांब्याचं सल्फाइड खनिज, चॅल्कोपायराइट घेतलं होतं. भट्टीत भाजलं की सल्फर डायऑक्साइड, म्हणजे गंधकाचा विषारी वायू सुटतो. पाण्यात कालवून क्लोरीन सोडला तर बराचसा गंधक घन रूपात मागं राहतो, म्हणून मला ही पद्धत हवी होती. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे दगडमाती वेगळी काढलेलं खनिज, गाइडनी मिळवून दिलं.

अडलं क्लोरीनच्या सिलिंडरपाशी. पुरवठादार म्हणाला, परवानगीचं पत्र आणा. ते जिथून मिळायचं तिथला फॉर्म कन्नडमध्ये, वापराच्या रकान्यात पाणी शुद्धीकरण नाहीतर कारखाना. कॉलेज नाहीच. खानापूरहून सकाळची बस धरून मी बेळगावला सात खेपा घातल्या. कधी साहेब मीटिंगला, कधी कॉलेजचा शिक्का पुसट. खिडकीतून दरवेळी तेच, "नाळि बर्री," म्हणजे उद्या या. पाचव्या खेपेला मैत्रिणीच्या आईनं कन्नडमध्ये अर्ज लिहून दिला, तेव्हा कुठं तो आवक रजिस्टरला चढला. आधीच्या चार खेपा कुठंच नोंद नाहीत! आवक क्रमांक हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्या कचेरीचा जिना आठवला की अजून डोकं तापतं.

पत्र आलंच नाही. एका रात्री चिडून वहीत हिशेब मांडला: १०० ग्रॅम शुद्ध चॅल्कोपायराइटला क्लोरीन साधारण ९७ ग्रॅम. थोडा गंधक सल्फेट होतो, तिथं आणखी लागतो. पण माझा नमुनाच १० ग्रॅमचा होता. त्यासाठी १०० किलोचा सिलिंडर? हा हिशेब पहिल्या दिवशी करायचा होता. गाइडनी स्वतः उभं राहून फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वायू बाहेर ओढून टाकणाऱ्या कपाटात, परमँगनेट आणि हायड्रोक्लोरिक आम्लापासून लागेल तेवढाच गॅस करवून घेतला. चार दिवसांत काम संपलं.

रबरी नळी मात्र वापरू नका, माझी कडक होऊन तडकली. गळतीची शंका आली तर अमोनियात भिजवलेला बोळा सांध्याजवळ धरा, पांढरा धूर दिसतो. उरलेला गॅस कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात जिरवायचा. आणि वास आला तर खाली वाकू नका, क्लोरीन हवेच्या अडीचपट जड असतो.

गाळलेलं द्रावण हिरवं आलं. उरलेला क्लोरीन हूडमध्येच उकळून घालवला आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातल्या लेथवरचा लोखंडी चुरा धुऊन त्यात टाकला. बघता बघता चुऱ्यावर तांबूस थर चढला. धुऊन, वाळवून तो बाटलीत भरला आणि घरी नेला. आईनं बाटली उजेडात धरली. "अगं, आपल्या बंबाचाच रंग की!"