नेमणूकपत्र नव्हतं, तरी पगाराचा दावा लावला

रबाळे एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मी पॅकिंगला होतो, तिथे नेमणूकपत्र कुणालाच मिळालं नव्हतं. आम्ही काही जण बीड-लातूरकडचे, बाकीची पोरं ओडिशा आणि उत्तर प्रदेशातली. पगार आधी खात्यावर यायचा, मग रोखीत यायला लागला, मग थकला. कारखाना बंद पडला आणि पाठोपाठ पेपरात जाहीर नोटीस आली: एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय न्यायाधिकरणात, कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू.

"पैसे बुडाले" म्हणत पोरं गावची तिकिटं काढायला लागली. नुकसान होतं ते इथेच. अशा वेळी कंपनीवर वसुलीचा खटला चालवता येत नाही, म्हणून लोक हात टेकतात. पण 2016 च्या दिवाळखोरी कायद्यात कामगार स्वतः दावा लावू शकतो. तो कोर्टात नाही, नोटिशीत नाव असलेल्या रिझोल्युशन प्रोफेशनलकडे, म्हणजे ही प्रक्रिया चालवायला नेमलेल्या माणसाकडे लावायचा. त्याला फी नाही. एकट्याचा असेल तर फॉर्म डी, सगळ्यांच्या वतीने एकच प्रतिनिधी लावणार असेल तर फॉर्म ई. मुदत साधारण 14 दिवसांची असते. ती हुकली तरी प्रक्रिया सुरू झाल्यापासून निदान 90 दिवसांपर्यंत दावा घेतात, त्यामुळे तारीख गेली म्हणून कुणी गप्प बसू नये.

हे सगळं आम्हाला ऐरोलीतल्या युनियनच्या एका ताईंनी सांगितलं. "दादा, कागद नाही म्हणू नका. काय काय आहे ते आधी घेऊन या." मग पिशव्या रिकाम्या झाल्या. गेटपास, पासबुकात कंपनीच्या नावाने आलेला जुना पगार, सुपरवायझरचे शिफ्ट बदलाचे व्हॉट्सॲप मेसेज. ओडिशातल्या भद्रकच्या एका पोराने खोलीतलं कालनिर्णयच काढून आणलं. गेलेल्या प्रत्येक दिवसावर फुली, रात्रपाळी असेल तर फुलीभोवती गोल, आणि कडेला पेन्सिलीने उचल घेतलेली रक्कम. त्याच्या खुणा गेटवरच्या सिक्युरिटीच्या रजिस्टरशी जुळल्या, म्हणून त्याचे दिवस धरले गेले. थकीत पगार मागणारं पत्रही आम्ही कंपनीला रजिस्टर पोस्टाने पाठवलं होतं, त्याची पोचपावती जोडली.

मूळ पगार बहुतेकांचा मंजूर झाला. ओव्हरटाइम ज्यांच्याकडे मेसेज होते त्यांचाच धरला. हे मला आजही पटत नाही. हजेरी ठेवणं कंपनीचं काम, ती ठेवली नाही म्हणून घाम गाळणाऱ्याने का सोसावं?

विकत घेणारा न मिळून कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळायला काढली, तर प्रक्रियेचा खर्च भागल्यावर कामगारांची त्याआधीच्या 24 महिन्यांची थकबाकी, तारणावरचा हक्क सोडून दिलेल्या बँकांच्या बरोबरीने येते. मॅनेजरसारख्या इतर कर्मचाऱ्यांचा 12 महिन्यांचा पगार त्यानंतर. म्हणून दाव्यात "कामगार" असंच लिहा आणि काम काय करत होता ते स्पष्ट मांडा. कायदा नेमणूकपत्र नाही, काम बघतो.

पीएफचं वेगळं आहे. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा पैसा ज्यांचं कंपनीकडे येणं आहे त्यांच्यात वाटायच्या मालमत्तेत येत नाही. आमची कपात झाली होती, भरणा मात्र अर्धाच दिसत होता. त्याची तक्रार पीएफ कार्यालयात वेगळी केली. गावी परतणाऱ्या प्रत्येकाकडून आम्ही चालू बँक खातं, आधार आणि घरातल्या एकाचा नंबर लिहून घेतला, कारण पैसे सुटायला वेळ लागतो आणि तोवर मुंबईतला नंबर बंद झालेला असतो.