दोन पानं एकदम

दुपारी पुस्तक घेऊन आडवी झाले होते. नायिकेचा धाकटा भाऊ तापाने फणफणलेला, बाहेर वादळ, डॉक्टर नदीपलीकडे अडकलेला. ती पलंगाशेजारी गुडघे टेकते, डोळे मिटते आणि ‘हे प्रभो’ म्हणून सुरुवात करते. नेमक्या त्याच क्षणी माझ्या अंगठ्याने दोन पानं एकदम उलटली. मला न विचारता. पुढच्या पानावर डॉक्टर दारात उभा होता, त्याचा कोट निथळत होता आणि नदी कशी ओलांडलीस हे त्याला कुणीच विचारत नव्हतं.

अंगठ्याची ही खोड जुनी आहे. एरवी तो सज्जन आहे. जाडजूड कादंबऱ्यांतली सूर्यास्ताची वर्णनंही तो निमूटपणे सोसतो. पण पात्राने हात जोडले की तो बिथरतो.

आणि तरीही मी ही पुस्तकं वाचते. ख्रिस्ती कथा-कादंबऱ्या, श्रद्धेच्या गोष्टी, वाट चुकलेल्या मुलांच्या आणि त्यांची वाट पाहणाऱ्या आयांच्या गोष्टी. आवडीने वाचते. शेवटून दुसऱ्या प्रकरणात दारुड्याचं मन पालटणार हे मला पहिल्या प्रकरणातच ठाऊक असतं, तरी ते पालटताना घसा दाटतो. याची दोन प्रकारच्या माणसांपुढे चोरी वाटते. जे ‘चांगलं’ वाचतात ते पुस्तकाचं नाव पाहून समजूतदारपणे हसतात. जे भाविक आहेत ते विचारतात, “मग, काय घेतलंस यातून?” दोघांनाही माझ्याकडे उत्तर नाही. गोष्ट होती, वाचली.

एक छंद मात्र आहे, आणि तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. प्रार्थना आणि सुटका यांच्यामध्ये किती पानं जातात ते मी मोजते. पुस्तक संपलं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने बारीक आकडा टाकते. ४. ११. ६. दीड. दीडवालीत हरवलेलं मूल चर्चच्या पायरीवरच सापडलं होतं. माझ्यामागे ही पुस्तकं कुणाच्या हाती पडली तर त्याला वाटेल, बाई हिशोबी होती.

हे सगळं मावशीपासून सुरू झालं असणार.

मावशीची नजर हळूहळू जात चालली होती. आधी सुईत दोरा ओवणं गेलं, मग पत्रं, मग छापील अक्षर. मी नऊ वर्षांची होते आणि अडखळता वाचता येत होतं, एवढ्या पात्रतेवर माझी वाचक म्हणून नेमणूक झाली. ती भिंतीला न टेकता ताठ बसायची, हात मांडीवर, चेहरा माझ्याकडे नाही तर किंचित बाजूला, कान माझ्या दिशेला. पुस्तकाचं वेष्टण आणि पहिली काही पानं कधीच गळून गेलेली. त्यामुळे ते कुणी लिहिलंय हे मला पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं. एका माणसाच्या पाठीवर ओझं आहे, त्याचं शहर नाश पावणार आहे, म्हणून तो घर सोडून निघालाय, एवढं पहिल्या शिल्लक पानावरून कळत होतं. बायको-मुलं मागून हाका मारतात आणि तो दोन्ही कानांत बोटं घालून धावत सुटतो.

मी थांबले. “मावशी, आणि बायको?”

“पुढे वाच.”

“मुलं तिथंच राहिली?”

“पुढे वाच म्हणते ना.”

पुढे वाचलं, पण त्या माणसावर माझा जो राग बसला तो बसलाच. शहर जळणार आहे हे कळल्यावर कुणी एकटं पळतं का? वाटेत त्याला दलदल लागली तेव्हा मला बरं वाटलं होतं.

त्या पुस्तकात माणसं चालता चालता थांबतात आणि धर्मतत्त्वांवर पानंच्या पानं बोलतात. नऊ वर्षांच्या मुलीला राक्षस हवा असतो. मी पानं गाळायला लागले. पहिल्याच दिवशी मावशी म्हणाली, “एक पान खाल्लंस.”

ते पुस्तक तिला पाठ असेल असं मला वाटलं. नाही. “दोन पानं एकदम उलटली की आवाज जड येतो,” ती म्हणाली. मग मी पान उलटताना खोकायला लागले. चार दिवस चाललं ते. पाचव्या दिवशी तिने शांतपणे विचारलं, “पान संपतानाच खोकला कसा गं येतो तुला?”

तर आला एकदाचा राक्षस. त्याचं नाव निराशा, वाड्याचं नाव शंका. आमचा यात्रेकरू आणि त्याचा सोबती, दोघांना त्याने कोठडीत टाकलं. बुधवार सकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत ते तिथं पडून, अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही, वर सोट्याने मार. शनिवारी मध्यरात्री ते प्रार्थनेला बसतात आणि पहाट व्हायच्या जरा आधी यात्रेकरू एकदम ओरडतो, मी किती मूर्ख! माझ्या छातीशी किल्ली आहे! वचन नावाची किल्ली. या वाड्यातलं कुठलंही कुलूप तिने उघडतं.

मी पुस्तक मिटलं. इतका संताप मला क्वचितच आला असेल. “म्हणजे बुधवारपासून होती?”

मावशी हसायला लागली. डोळ्यांना पदर लावावा लागेपर्यंत हसली. “काखेत कळसा नि गावाला वळसा,” ती म्हणाली. “आता उघड पुस्तक. दार कसं उघडलं ते ऐकू दे.”

पुस्तकाचं नाव आणि लेखकाचं नाव मला वीसेक वर्षांनी एकत्र भेटलं. जॉन बन्यन, ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’, १६७८. भांडीकुंडी दुरुस्त करत फिरणारा माणूस. परवानगी नसताना उपदेश करतो म्हणून १६६० मध्ये त्याला अटक झाली आणि पुढची बारा वर्षं बहुतेक बेडफर्डच्या तुरुंगातच गेली. उपदेश करणार नाही असं म्हणाला असता तर सुटला असता. म्हणाला नाही. त्याची दुसरी बायको एलिझाबेथ न्यायाधीशांपुढे उभी राहिली आणि तिने सांगितलं, घरात चार लहान मुलं आहेत, त्यांतलं एक आंधळं आहे. मुलं तिच्या पोटची नव्हती, पहिल्या बायकोची होती. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं. बन्यन आतच राहिला. तिथं बसून तो नाड्यांना धातूची टोकं बसवायचा. त्यावर जे काही मिळेल ते घरी जायचं. आपल्या आठवणींत त्याने लिहून ठेवलंय की बायकोमुलांची ताटातूट म्हणजे हाडावरचं मांस ओढून काढण्यासारखं होतं, आणि सगळ्यांत जास्त जीव तुटायचा तो त्या आंधळ्या मुलीसाठी.

कानांत बोटं घालून धावणारा तो माणूस याने लिहिला. हे वाचल्यावर मी बराच वेळ काही वाचलं नाही. वीस वर्षं ज्या माणसाला मी नावं ठेवत होते त्याला बोटं कानांत का घालावी लागली असतील, ते जरा कळल्यासारखं झालं. न ऐकणारा माणूस बोटं कशाला घालील?

मूळ पुस्तकाला दुसरा भागही आहे, १६८४ चा. त्यात मागे राहिलेली बायको चार मुलगे घेऊन त्याच वाटेने निघते. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर लेखकाने सहा वर्षांत देऊन टाकलं होतं. आमच्याकडे तो भाग नव्हता, इतकंच.

या पुस्तकाचा मराठी अवतार फार जुना. हरि केशवजींनी ‘यात्रिकक्रमण’ या नावाने तो १८४१ मध्ये आणला. आणि १८५७ मध्ये आलं बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून सहसा त्याचंच नाव घेतलं जातं. समजूतदारपणे हसणाऱ्यांना मी हे मुद्दाम ऐकवते. आपल्या कादंबरीचा उगमच ख्रिस्ती गोष्टींच्या या फळीवर आहे! यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, जागोजागी विधवांच्या कहाण्या ऐकते, मग स्वतः विधवा होते, शेवटी ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. लेखकाला वाचकाला न्यायचं होतं त्या शेवटाकडे. वाचक मात्र वाटेतल्या त्या बायकांपाशीच थांबला. आजही पुस्तकाची आठवण निघते ती त्यांच्यासाठी. प्रचाराचा दोष सगळे दाखवतात, मीही दाखवते. पण प्रचाराची खाज नसती तर पदमनजींनी त्या बायकांना बोलतं तरी केलं असतं का, असंही मनात येतं. दोष आणि निमित्त एकाच पिशवीतून येतात कधीकधी.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ कादंबरी नव्हे, तरी मी ती याच फळीवर ठेवते. तिथं अंगठा एकदाही बिथरत नाही. नवराबायकोची भांडणं, फजित्या, धर्मांतराचा पहाड कोसळणं आणि मग तो पहाड एकेक दगड करून उचलणं, या सगळ्यात देव असा मिसळून येतो की तो गाळायचा म्हटलं तर गोष्टही गळेल. तशी प्रार्थना लिहायला लक्ष्मीबाईंइतकं हसता आलं पाहिजे.

अमेरिकेतल्या एका पाळकाचा मला हेवा वाटतो. चार्ल्स शेल्डन, कॅन्ससमधलं टोपेका, १८९६. रविवार संध्याकाळच्या प्रवचनाऐवजी तो गोष्ट वाचून दाखवायचा. दर आठवड्याला एक प्रकरण, आणि ऐन रंगात आलं की पुढच्या रविवारी. त्याच्या श्रोत्यांना पानं उलटायची सोय नव्हती! त्या गोष्टीचं पुस्तक झालं, ‘इन हिज स्टेप्स’. माझ्या जागी येशू असता तर त्याने काय केलं असतं, हा त्यातला प्रश्न. पुढे झालं असं की हक्कनोंदणीत चूक राहिली, मग वाटेल त्या प्रकाशकाने पुस्तक छापलं आणि बहुतेकांनी शेल्डनला छदामही दिला नाही. तो प्रश्न त्याला स्वतःलाच अनेकदा विचारावा लागला असेल.

वाचून माणूस सुधारतो का? माझ्याजवळ एकच पुरावा आहे आणि तोही माझ्या विरोधात जातो. क्षमेवरची एक सुंदर कादंबरी वाचत होते. दोन बहिणी, एक जुना अपमान, एक न पाठवलेलं पत्र. तेवढ्यात फोन वाजला. जिच्याशी मी तीन वर्षं बोलत नव्हते तिचं नाव दिसत होतं. मी उचलला नाही. प्रकरण ऐन रंगात आलं होतं. दुसऱ्या दिवशी मीच केला फोन. आता तो कादंबरीमुळे केला की न उचलल्याची लाज वाटली म्हणून, ते ठरवता येत नाही. बोलणं चार मिनिटं झालं. रडलं कुणीच नाही.

माझी मोजणी एकाच पुस्तकाने मोडली. शुसाकू एंडो यांची ‘सायलेन्स’, मूळ जपानी, १९६६ ची. सतराव्या शतकातलं जपान, ख्रिस्ती लोकांचा छळ चाललेला, एक तरुण पाद्री पकडला गेलेला. तो प्रार्थना करतो. मी सवयीने मोजायला लागले. दहा पानं, वीस, पन्नास. रात्री कोठडीत त्याला घोरण्याचा आवाज येतो आणि पहारेकऱ्याच्या झोपेचा त्याला राग येतो. मग कळतं, ते घोरणं नाही. खड्ड्यावर उलटी टांगलेली माणसं कण्हताहेत. त्यांना सोडवायचं असेल तर त्याने येशूच्या प्रतिमेवर पाय द्यायचा. या पुस्तकात अंगठा हलला नाही. आणि शेवटचं पान अजून कोरं आहे, कारण काय आकडा टाकायचा ते मला समजलेलं नाही.

हे पुस्तक मी मावशीला वाचून दाखवलं असतं का? ती तोवर राहिली नव्हती, म्हणून प्रश्न टळला. पण तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली. इतकी वर्षं मी लोकांच्या प्रार्थनांची पानं मोजत होते. मावशी रोज रात्री दिवा मालवल्यावर बराच वेळ बसून राहायची, ओठ हलायचे. डोळ्यांसाठी काही मागत होती का, हे मी कधी विचारलं नाही. ती चौदा वर्षं तशी जगली, पुढेपुढे पूर्ण अंधारात.

आज दुपारी पान उलटल्याचा आवाज जड आला. डॉक्टर दारात निथळत उभा होता. त्याला तसाच ठेवून मी दोन पानं मागे आले आणि त्या मुलीची प्रार्थना पहिल्या शब्दापासून वाचली.

ठीकच होती. जरा लांबलेली.