"माझं चुकलं" म्हणण्याआधी

ट्रॉलीच्या खालच्या दांड्यांवर नातवाच्या बुटांचा खोका होता, 43 डॉलरचा. वरचं सामान काकूंनी सेल्फ चेकआउटवर एकेक करून 'बीप' केलं, 61 डॉलर कार्डाने भरले, पावती पर्समध्ये टाकली आणि दाराकडे निघाल्या. खोका खालीच राहिला. दारात सुरक्षारक्षकाने अडवलं आणि मागच्या एका खोलीत नेलं.

काकू म्हणजे माझ्या मैत्रिणीची आई. कराडहून सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या एडिसनला आलेल्या, इंग्रजी 'थँक्यू'पुरतं. त्या खोलीत त्यांनी तेच केलं जे तुम्ही-मी केलं असतं. हात जोडले आणि म्हणाल्या, "माझं चुकलं हो, माफ करा. पैसे घ्या." दुकानातल्या एका हिंदी जाणणाऱ्या मुलीने त्याचं आपल्या परीने इंग्रजी केलं. एका कागदावर सही घेतली. मग पोलीस, ठाणं, बोटांचे ठसे, हातात समन्स. रात्री नऊला घरी आल्या तेव्हा चहाचा कप धरवत नव्हता.

आता 'चुकलं' हा शब्द बघा. आपल्याकडे रस्ता चुकतो, हिशोब चुकतो, लग्नाला जायचं चुकतं, आणि पाप केलं तरी 'चुकलं'च. अनवधान आणि गुन्हा दोन्ही एकाच शब्दात बसतात. कागदावर मात्र एकच अर्थ उतरला होता: पैसे न देता वस्तू नेल्याचं मान्य आहे.

जावईबापू म्हणाले, "उद्या मॅनेजरला भेटतो, पैसे टाकतो, मिटवून येतो." आपली सवयच ती. तक्रारदार शांत झाला की प्रकरण थंड. पण समन्सवर दुकान विरुद्ध काकू असं नव्हतंच. 'स्टेट ऑफ न्यू जर्सी' विरुद्ध काकू असं होतं. जसं आपल्याकडे 'महाराष्ट्र शासन विरुद्ध' लिहितात तसं. मॅनेजरने माफ केलं तरी खटला चालवायचा की नाही हे सरकारी वकील ठरवतो. पुढे दुकानातर्फे भरपाई मागणारं पत्र येतं ते वेगळं. ते भरल्याने फौजदारी खटला संपत नाही.

वकीलबाईंनी पहिल्या भेटीत किंमत विचारली. न्यू जर्सीत दुकानातल्या चोरीची पायरी किमतीवर ठरते. 200 डॉलरच्या आत असेल तर 'डिसऑर्डर्ली पर्सन्स' अपराध: गावच्या म्युनिसिपल कोर्टात सुनावणी, जास्तीत जास्त सहा महिने कैद आणि 1,000 डॉलर दंड. 200 झाले की चौथ्या दर्जाचा गुन्हा, 18 महिन्यांपर्यंत. 500 च्या वर गेले की तिसऱ्या दर्जाचा, तीन ते पाच वर्षं. या दोन्ही दर्जांचं प्रकरण काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, कोर्टात. गंमत अशी की, खालच्या पायरीवरच्या अपराधाला राज्याचा कायदा 'क्राइम' म्हणतच नाही, म्हणून ज्युरीही मिळत नाही. पण इमिग्रेशनवाले राज्याने काय नाव दिलं हे बघत नाहीत, त्यांचा हिशोब वेगळा.

बचाव कशावर? हेतूवर. वस्तू पैसे न देता बाहेर गेली एवढं पुरत नाही. ती बुडवायच्या इराद्याने नेली हे सरकारला वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं. विसरणं हा गुन्हा नाही. 'मला कायदा माहीत नव्हता' किंवा 'पैसे होते की पर्समध्ये' याने मात्र एकट्याने काही होत नाही. आणि वस्तू पिशवीत किंवा कोटात लपवलेली सापडली, तर हेतू होता असं गृहीत धरायला कायदाच वाट करून देतो. इकडे येणाऱ्या आईबाबांना म्हणून मी सांगते: घरून आणलेल्या कापडी पिशवीत पैसे देण्याआधी काही टाकू नका. आपल्याकडे मॉलच्या दारात पिशवी जमा करून घेतात, इकडे कुणी घेत नाही, म्हणून हात आपोआप पिशवीकडे जातो.

काकूंचा खोका उघड्यावर होता. वकीलबाईंनी त्याच दिवशी दुकानाला पत्र पाठवून सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवायला सांगितलं, कारण ते काही दिवसांनी पुसलं जातं.

आणि तो सही केलेला कागद? मला वाटलं, 'गप्प बसण्याचा हक्क आहे' हे काकूंना सांगितलंच नव्हतं, म्हणजे तो बाद. नाही. 1966 च्या मिरांडा निकालातली ती ताकीद पोलिसांनी ताब्यात घेऊन चौकशी करताना द्यायची असते. दुकानाचा रक्षक पोलीस नव्हे. त्याच्यासमोर जे बोलाल ते बोललात.

खरा पेच पुढे आला. सरकारी वकिलाने 'कंडिशनल डिसमिसल' देऊ केलं: गुन्हा कबूल करा, वर्षभर नीट राहा, खटला रद्द. ऐकायला पेढाच. जावईबापू तिथेच होकार देणार होते. पण राज्यातली नोंद रद्द झाली तरी कबुली आणि वर देखरेखीचं बंधन, एवढ्यावर इमिग्रेशन कायदा त्याला शिक्षाच धरतो. परदेशी अशिलाला हे धोके सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये पडिया विरुद्ध केंटकी खटल्यात ठरवलं. बाईंनी नकार दिला.

कोर्टाने आधी हिंदी दुभाषी लावला होता. बाईंनी मराठीच हवा म्हणून तारीख वाढवून घेतली. दुभाष्याचे पैसे लागत नाहीत, फक्त मागावा लागतो. चित्रणात दिसलं ते असं: काकू दाराशी स्वतःहून थांबतात, पर्समधली पावती शोधून रक्षकापुढे धरतात, तो बोट दाखवतो तेव्हा वाकून खाली बघतात आणि कपाळावर हात मारतात. आवाज नाही, पण तो हात कुठल्याही भाषेत कळला असता. सरकारी वकिलाने हेतू सिद्ध होत नाही म्हणून खटला मागे घेतला. साडेतीन महिने गेले होते. नातवाचा पाय तेवढ्यात वाढला, ते बूट त्याला झालेही नसते.

यावर पडदा पडला असं नाही. व्हिसाच्या अर्जात 'कधी अटक झाली होती का' हा प्रश्न आहे. निकाल काय लागला हा पुढचा भाग. काकूंनी 'हो' लिहायचं आणि सोबत कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित प्रत द्यायची, असं बाईंनी बजावलं. 2025 च्या जुलैमध्ये तर दिल्लीतल्या अमेरिकन दूतावासाने जाहीरच केलं होतं की, चोरीसारख्या गुन्ह्याने व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढे मिळणंही अवघड होतं.

नेवार्क विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा काकूंच्या पासपोर्टच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात आदेशाच्या तीन प्रती होत्या. एक कराडच्या वकिलांना दाखवायची म्हणाल्या. तिथे पाण्याची बाटली घेतली, तिची पावती गेटपर्यंत मुठीत होती.