साखरेच्या घरातल्या पाच बहिणी

एलिझाबेथ ब्लॅकवेल म्हटलं की एकच ओळख पुढे येते: अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणारी पहिली स्त्री, १८४९. पण सध्या मी तिच्या घराण्याबद्दल वाचतेय आणि आता ती मला एकटी दिसतच नाही. तिच्याभोवती सतत माणसं आहेत आणि सगळ्याच्या मुळाशी आहे साखर.

वडील सॅम्युएल ब्लॅकवेल यांचा इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता. कच्ची साखर यायची कॅरिबियन बेटांवरून, गुलामांच्या कष्टातून. आणि सॅम्युएल तर गुलामगिरीचे कडवे विरोधक! निषेध म्हणून मुलांनी साखर खाणं सोडलं होतं. वडिलांच्या मालावर घरातूनच बहिष्कार. यात मला ढोंग दिसत नाही, कारण सॅम्युएल वाट शोधत होते. बीटपासून साखर निघाली तर गुलाम लागणार नाहीत, म्हणून त्यांनी त्याचे प्रयोग केले.

ऑगस्ट १८३२ मध्ये आठ मुलांसह हे कुटुंब ‘कॉस्मो’ जहाजातून निघालं. एलिझाबेथ ११ वर्षांची होती. सात आठवड्यांहून जास्त प्रवास करून ते न्यूयॉर्कला पोचले. त्या उन्हाळ्यात तिथे पटकीची मोठी साथ येऊन गेली होती. नववं मूल अमेरिकेत जन्मलं, त्याचं नाव ठेवलं जॉर्ज वॉशिंग्टन.

न्यूयॉर्कमध्ये धंदा टिकला नाही. १८३८ मध्ये सगळे सिनसिनाटीला गेले आणि काही महिन्यांतच सॅम्युएल वारले. घरात पैसा नव्हता. आई आणि मोठ्या तीन मुली, ॲना, मॅरियन आणि १७ वर्षांची एलिझाबेथ, यांनी घरातच मुलींची शाळा काढली. या घराण्याच्या इतिहासात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही शाळा. मुली शिकल्या होत्या, कारण सॅम्युएल यांनी मुलांइतकंच मुलींनाही शिकवलं होतं. त्याच शिक्षणावर घर चाललं. बाईनं कमावून घर चालवायचं असतं, हे या बहिणींना कुणी भाषणातून सांगितलं नाही, त्या ते जगल्या.

डॉक्टर झाल्यावर एलिझाबेथ पॅरिसला प्रसूतिशास्त्र शिकायला गेली. तिथे एका बाळाच्या डोळ्यांवर उपचार करताना तिला संसर्ग झाला आणि तिचा एक डोळा गेला. शल्यचिकित्सक व्हायचं स्वप्न तिथेच संपलं. पण धाकटी एमिली १८५४ मध्ये डॉक्टर झाली आणि शस्त्रक्रियेत नाव कमावलं तिनं. १८५७ मध्ये दोघींनी मेरी झाकर्झेवस्का या डॉक्टरसोबत न्यूयॉर्कमध्ये गरीब स्त्रिया आणि मुलांसाठी रुग्णालय उभं केलं. १८६९ मध्ये एलिझाबेथ इंग्लंडला परतली, तेव्हा मागचा सगळा भार एमिलीनं पेलला. एमिलीचं नाव इतकं कमी घेतलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

भावांनीही संसार तसेच केले. हेन्रीनं १८५५ मध्ये स्त्रीहक्कांसाठी लढणाऱ्या लूसी स्टोनशी लग्न केलं. नवऱ्याला बायकोवर हक्क देणाऱ्या कायद्यांचा निषेध दोघांनी लग्नातच वाचून दाखवला, आणि लूसीनं आपलं आडनाव कायम ठेवलं. दुसरा भाऊ सॅम्युएल याची बायको ॲंटोइनेट ब्राउन, धर्मोपदेशक म्हणून दीक्षा मिळालेली अमेरिकेतली पहिली स्त्री मानली जाते.

पाचही बहिणींनी लग्न केलं नाही. जन्म आणि लग्नांच्या नोंदींवरून वंशवृक्ष काढला, तर या पाच फांद्या तिथेच तुटलेल्या दिसतील. हे चित्र मला साफ चुकीचं वाटतं. एलिझाबेथनं १८५४ मध्ये किटी बॅरी या अनाथ आयरिश मुलीला घरी आणलं, आणि किटी एलिझाबेथच्या शेवटापर्यंत, १९१० पर्यंत, तिच्यासोबत राहिली. लहानपणी एकदा घरी एक पुरुष डॉक्टर आले होते. ते गेल्यावर किटी एलिझाबेथला म्हणाली, पुरुषाला डॉक्टर म्हणतात हे ऐकायला किती विचित्र वाटतं!